एका आयरिश व्यंगकाराची कारकीर्द मांडायची आहे, कोण निवडू? (सल्ला हवा)

लिफीकाठची

नमस्कार मंडळी,

डब्लिनमधली आम्ही काही मराठी घरं दर महिन्याला कुणाकडे तरी जमतो. एकाने एका कलावंताबद्दल तासभर बोलायचं, मध्येमध्ये ऐकवायचं, दाखवायचं, मग जेवण, असा शिरस्ता पडला आहे. पुढची पाळी माझी. गायक, नाटकवाले, चित्रकार सगळे होऊन गेलेत. म्हणून मी आयरिश स्टँड-अप कलाकार घ्यायचं ठरवलं आहे, तोही सत्ता, चर्च आणि समाज यांच्यावर व्यंग करणारा.

हे डोक्यात आलं ते ऑलिव्हर कॅलनमुळे. आरटीई या आयर्लंडच्या सरकारी प्रसारण संस्थेच्या रेडिओवर सकाळी नऊला त्याचा कार्यक्रम असतो. तो ऐकता ऐकता मी त्याच्या जुन्या ‘कॅलन्स किक्स’पर्यंत पोचले. त्यात तो लिओ वराडकरांची नक्कल करतो. वडील मालवण तालुक्यातल्या वराड गावचे, मुलगा या देशाचा पंतप्रधान झालेला, आणि रेडिओवर त्याची इतर पुढाऱ्यांइतकीच बिनधास्त खिल्ली! मला ते मनापासून आवडलं. ज्याची नक्कल बाकीच्यांच्या रांगेत बसवून केली जाते, तो माणूस घरचाच झालेला असतो.

पण कॅलनच्या मागे मोठी परंपरा आहे हे ऑफिसात जेवताना कळतं. राजकारणाचा विषय निघाला की कुणीतरी तीस वर्षांपूर्वीच्या कार्यक्रमातलं एखादं वाक्य टाकतं, सगळं टेबल हसतं आणि मला संदर्भ लागत नाही.

मला एकच माणूस हवा आहे. कुठून आला, कुणाशी भिडला, त्यापायी काय सोसलं, हे तासाभरात सांगता यायला हवं. अडचण एवढीच की त्या दिवशी माझे सासू-सासरे आणि एका मैत्रिणीची आई असे तीन ज्येष्ठ असतील. तिघंही सश्रद्ध आणि इंग्रजी सावकाश असेल तरच कळणारे. कोण घेऊ?

माळरान

दारा ओ ब्रीन घ्या, काही विचार करू नका. विकलो परगण्यातल्या ब्रे गावचा. युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनमध्ये गणित आणि सैद्धांतिक भौतिकशास्त्र शिकला, वादविवाद स्पर्धा गाजवल्या, मुलांचे कार्यक्रम केले आणि मग बीबीसीवरचं ‘मॉक द वीक’ २००५ पासून २०२२ पर्यंत चालवलं. आठवड्याच्या बातम्यांवर विनोद करायचे असा तो कार्यक्रम. क्लिप हव्या तेवढ्या मिळतात. बोलतो मात्र सुसाट.

तिसरी_घंटा

@माळरान, दारा मलाही आवडतो, पण ताईंनी ‘काय सोसलं’ असं विचारलंय. त्याच्या कारकिर्दीत तसा संघर्ष फारसा नाही. शिवाय ज्येष्ठांना त्याचा वेग झेपायचा नाही.

लिफीकाठची, माझं मत डेव्ह अ‍ॅलन. मी लंडनला राहते, नाटकाच्या तालमींत आयुष्य गेलं आहे. रंगमंचावर एकट्याने बसून बोलणं किती अवघड असतं हे माहीत असल्यामुळे या माणसाबद्दल मला फार आदर आहे.

जन्म १९३६, डब्लिन. खरं नाव डेव्हिड टायनन ओ’मॅहनी. वडील ‘आयरिश टाइम्स’मध्ये मोठ्या पदावर होते, पण हा लहान असतानाच वारले. शाळा नन आणि पाद्री यांच्या हाताखाली. पोरवयात द्रोहेडाच्या एका वर्तमानपत्रात उमेदवारी केली, मग इंग्लंड गाठलं. तिथे पत्रकारिता जमली नाही म्हणून स्केग्नेसला बटलिनच्या सुट्टी-शिबिरात लाल कोट घालून पाहुण्यांची करमणूक करू लागला. आडनाव इंग्रजांना उच्चारता येईना, म्हणून ‘अ‍ॅलन’ घेतलं. ते अ वरून सुरू होत असल्याने एजंटांच्या यादीत वर येतं, हाही फायदा. १९६३ साली गायिका हेलन शापिरोच्या दौऱ्यात तो सूत्रसंचालक होता आणि त्याच दौऱ्यात बीटल्स नावाची नवखी पोरं गात होती. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात चॅनेल नाइनवर स्वतःचा गप्पांचा कार्यक्रम मिळाला आणि तिथेच त्याचा सूर लागला. पाठ केलेले चुटके सोडून तो गोष्ट सांगू लागला.

१९७१ पासून बीबीसी २ वर ‘डेव्ह अ‍ॅलन अ‍ॅट लार्ज’. उंच स्टुलावर बसलेला, सूट घातलेला माणूस. एका हातात सिगारेट, बाजूला पेला. लोकांना वाटायचं व्हिस्की आहे, असायची जिंजर एल. डाव्या तर्जनीचं टोक तुटलेलं आणि ते कसं तुटलं याची दर वेळी नवी हकिकत. मध्येच पँटवरची राख झटकायचा. ती झटकणी नीट बघा. हशा ओसरायला लागणारा वेळ तो त्यात भरून काढतो आणि पुढचं वाक्य बरोबर शांततेत टाकतो. हे मी नव्या नटांना दाखवते. सवय म्हणून केलेली हालचाल आणि वेळ साधण्यासाठी केलेली हालचाल यांत केवढा फरक असतो, ते यात स्वच्छ दिसतं.

त्याचं मुख्य लक्ष्य कॅथलिक चर्च. १९७५ मध्ये एका प्रहसनात तो स्वतः पोप झाला आणि कार्डिनलांसोबत संगीतावर एकेक वस्त्र उतरवत नाचला. प्रचंड गदारोळ झाला. आयर्लंडच्या सरकारी आरटीईने पुढे त्याला चार हात लांबच ठेवलं. पण डब्लिन आणि पूर्व किनाऱ्यावर लोक छपरांवर उंच अँटेना लावून ब्रिटिश चॅनेल पकडायचे, त्यामुळे आरटीईने टाळलं तरी घराघरांत तो दिसतच होता. ज्या देशात पाद्रीच्या परवानगीशिवाय पान हलत नव्हतं, तिथे एक डब्लिनकर हसत हसत पाद्रीची गोष्ट सांगतो आहे, हे पडदे ओढून बघणाऱ्या घरांना काय वाटत असेल, याचा विचार करा.

तुमच्या ज्येष्ठांसाठी १९९० च्या बीबीसी मालिकेतला घड्याळाचा भाग घ्या. माणूस आयुष्यभर घड्याळाच्या तालावर उठतो, जेवतो, कामावर जातो, परत येतो, झोपतो, आणि चाळीस वर्षांनी निवृत्त होताना कंपनी त्याला भेट काय देते, तर घड्याळ. शेवटच्या ओळीत एक शिवी आहे. तेवढ्या शिवीवरून तक्रारी झाल्या, प्रकरण संसदेपर्यंत गेलं. ऐकवताना ती ओळ तुम्ही स्वतः मराठीत सांगा, काम भागेल.

लिफीकाठची

तिसरी_घंटा, केवढं सविस्तर लिहिलंत! मनःपूर्वक आभार. घड्याळाचा भाग सासऱ्यांना नक्की भिडेल, ते राज्य परिवहनातून निवृत्त झालेत. पण पोपचा प्रसंग दाखवायची माझी हिंमत नाही. तो वगळून अ‍ॅलनवर बोललं तर अर्धवट होईल का?

तिसरी_घंटा

दाखवू नका, पण सांगा जरूर. आणि त्याच्या जोडीला त्याचा निरोप सांगा. प्रत्येक कार्यक्रमाच्या शेवटी पेला उचलून तो म्हणायचा: शुभ रात्री, धन्यवाद, आणि तुमचा देव तुमच्या सोबत असो. ‘तुमचा देव’ म्हणायचा, माझा किंवा आपला नाही. स्वतः नास्तिक होता, तरी समोर बसलेल्याची श्रद्धा त्याने कधी हिणवली नाही. त्याचा राग होता तो लहान मुलांना नरकाची भीती घालून गप्प बसवणाऱ्या व्यवस्थेवर. तो स्वतः त्या बाकांवर बसलेला होता. माझ्या अनुभवात सश्रद्ध माणसांना हा फरक चटकन कळतो, आपणच उगाच त्यांच्या वतीने घाबरतो.

गॅलवेकर

अ‍ॅलनबद्दल दुमत नाही, पण त्याने कारकीर्द केली ती इंग्लंडात. ताईंना ऑफिसच्या टेबलावरचं हसू समजून घ्यायचं आहे. त्यासाठी डर्मट मॉर्गनच हवा. मी इथे पश्चिमेला बरीच वर्षं आहे आणि माझ्या शेजारच्या आयरिश काकांमुळे मॉर्गनचं सगळं काम ऐकून काढलं आहे.

१९५२ चा जन्म, डब्लिनचाच. शाळेत शिक्षक होता. १९७९ ते ८२ च्या ‘द लाइव्ह माइक’ या टीव्ही कार्यक्रमात त्याने फादर ट्रेंडी नावाचं पात्र उभं केलं. पोरांना आपलंसं वाटावं म्हणून चामड्याचं जॅकेट घालणारा आणि कुठल्याही फालतू गोष्टीवरून ओढूनताणून अध्यात्मावर येणारा पाद्री. १९८५ मध्ये एक गंमतगाणं केलं. मुष्टियोद्धा बॅरी मॅक्गिगन जिंकला की आपल्या व्यवस्थापकाचे, ईस्टवुड यांचे, आभार मानायचा, ते पकडून. त्या नाताळात ते गाणं आयर्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर होतं.

खरा मॉर्गन मात्र ‘स्क्रॅप सॅटर्डे’त भेटतो. १९८९ ते १९९१, शनिवारी सकाळी, आरटीई रेडिओ १. सोबत जेरी स्टेंब्रिज, पॉलीन मॅक्लिन, ओवेन रो. मुख्य पात्र पंतप्रधान चार्ल्स हॉही आणि त्यांचे प्रसिद्धिप्रमुख पी. जे. मारा. मॉर्गनचा हॉही एखाद्या संस्थानिकासारखा ‘माऽऽरा’ अशी हाक मारतो आणि मारा धावत येतो. ती हाक इथल्या लोकांच्या तोंडी अजून आहे. तुमच्या ऑफिसात हसू फुटतं ते बहुधा अशाच एखाद्या वाक्यावर.

आता हॉही म्हणजे कोण, हे मंडळींना आधी सांगा, नाहीतर विनोद फुकट जाईल. ९ जानेवारी १९८० ला या गृहस्थांनी टीव्हीवर येऊन देशाला सुनावलं की आपण सगळे ऐपतीबाहेर जगत आहोत, आता पोटाला चिमटा काढा. स्वतः राहायचे किन्सेलीच्या हवेलीत, शर्ट पॅरिसहून शिवून यायचे, केरीच्या समुद्रात मालकीचं बेट होतं. पंतप्रधानाच्या पगारात हे बसतं कसं, असा प्रश्न गावभर कुजबुजला जायचा, पण ठणकावून विचारायचं कुणी? मॉर्गनने दर शनिवारी हॉहींचा सरंजामी थाट आवाजात पकडून लोकांपुढे ठेवला. १९९२ च्या फेब्रुवारीत हॉही पत्रकारांच्या फोन-टॅपिंगच्या जुन्या प्रकरणात पायउतार झाले. पैशांचं प्रकरण त्यानंतर बाहेर आलं. १९९७ मध्ये मॅक्रॅकन चौकशी आयोगाने दाखवून दिलं की एका बड्या दुकानदाराकडून त्यांना १३ लाख पौंड मिळाले होते. म्हणजे चौकशी व्हायच्या कितीतरी आधी रेडिओवरच्या विनोदाने बोट बरोबर जागी ठेवलं होतं. मला हे फार मोठं काम वाटतं.

१९९१ च्या अखेरीस आरटीईने कार्यक्रम थांबवला. कार्यक्रम ऐन भरात होता, आयरिश रेडिओ-टीव्हीसाठीचा जेकब्स पुरस्कार मिळालेला होता. मॉर्गनने उघडपणे याला भित्रेपणा म्हटलं.

हिरवा_चाफा

गॅलवेकरांना अनुमोदन. थोडी भर घालते. मॉर्गनच्याही आधी ‘हॉल्स पिक्टोरियल वीकली’ होतं, १९७१ ते १९८०, आरटीई टीव्हीवर. फ्रँक हॉल यांनी बॅलीमॅगॅश नावाचं काल्पनिक गाव रचलं आणि तिथली नगरपालिका दाखवली. खुर्चीसाठी भांडणारे, ठराव पास करणारे, कामाच्या नावाने शून्य. अर्थमंत्री रिची रायन यांच्यावर बेतलेला ‘हालअपेष्टा मंत्री’ एमन मॉरिसीने असा रंगवला, की १९७७ मध्ये सरकार पडलं त्याचं थोडं श्रेय आजही लोक या कार्यक्रमाला देतात. तेव्हा आरटीई व्यंगाला घाबरतच होती असं सरसकट म्हणता येणार नाही.

आणि मॉर्गन घेतलात तर त्याची ‘फादर टेड’ ही विनोदी टीव्ही मालिका वगळू नका. नातवंडांपासून आजीपर्यंत सगळे एकत्र बसून बघतील असं ते आहे.

गॅलवेकर

@हिरवा_चाफा, मुद्दा मान्य, तरी एक गोष्ट लक्षात घ्या. १९८८ च्या कायद्याने खासगी रेडिओला वाट मिळाली, पण टीव्हीवर आरटीईला स्वदेशी पर्याय नव्हता. टीव्ही ३ हे खासगी चॅनेल सुरू झालं सप्टेंबर १९९८ मध्ये. तोपर्यंत आरटीईचं दार बंद म्हणजे टीव्हीपुरता देशच बंद. अ‍ॅलन लंडनला गेला आणि मॉर्गनचं नाव जगभर झालं तेही ब्रिटनच्या चॅनेल ४ मुळेच. ‘फादर टेड’ची कथा आयरिश, लेखक आयरिश, नट आयरिश, चित्रीकरण बरंचसं क्लेअर परगण्यात, आणि पैसा व प्रसारण ब्रिटिश. माझ्या मते तुमच्या तासाभराचा कणा हाच असावा. आयरिश व्यंगकाराला घरातलं बोलायला शेजारच्या ओसरीवर जावं लागलं.

‘फादर टेड’बद्दल ज्येष्ठांना इतकंच सांगा, की एका आडबाजूच्या बेटावर तीन पाद्री चर्चने जवळपास शिक्षा म्हणून ठेवले आहेत आणि एक बाई त्यांना सतत चहा पाजते. ती बाई म्हणजे ‘स्क्रॅप सॅटर्डे’मधलीच पॉलीन मॅक्लिन. चहा नको म्हणणाऱ्याला ती ज्या पद्धतीने आग्रह करते, ते बघून तुमच्या सासूबाईंना भाषेची गरजच लागणार नाही. १९९५ ते ९८, एकूण २५ भाग. शेवटच्या भागाचं चित्रीकरण संपलं आणि दुसऱ्या दिवशी, २८ फेब्रुवारी १९९८ ला, मॉर्गन लंडनमध्ये हृदयविकाराने गेला. वय ४५. हे सांगताना माझा आवाज अजून बदलतो. आरटीईला पर्याय उभा राहायला सात महिने उरले होते. त्याच्याकडून पुढे राजकीय व्यंगाचं काय काय झालं असतं!

तिसरी_घंटा

गॅलवेकर, मॉर्गनचं मोठेपण कबूल आहे. माझा आक्षेप व्यावहारिक आहे. ‘स्क्रॅप सॅटर्डे’ नुसता आवाज आहे. हॉहींचा मूळ आवाज कानात नसलेल्या माणसाला नकलेतलं काय कळणार? अ‍ॅलनला पार्श्वभूमी लागत नाही. शाळा, शिक्षक, घड्याळ, मरणाची भीती, सगळं सगळ्यांचं असतं.

गॅलवेकर

त्याला उपाय सोपा आहे. १९८० च्या त्या भाषणाची फीत सहज मिळते. आधी खरे हॉही एक मिनिट ऐकवा, त्या दमदार सुरात पोटाला चिमटा काढायला सांगणारे. लगेच मॉर्गनचा हॉही लावा. दोन आवाज लागोपाठ ऐकले की स्पष्टीकरण द्यावं लागत नाही.

सायंतारा

पुण्यातून वाचते आहे, धागा वाचनखुणेत टाकला. एक शंका. आयर्लंडमध्ये ईशनिंदेचा कायदा होता ना? मग या लोकांवर खटले कसे झाले नाहीत?

हिरवा_चाफा

@सायंतारा, १९३७ च्या राज्यघटनेतच ईशनिंदा गुन्हा म्हटली होती, पण व्याख्या नव्हती, त्यामुळे तो चालवणंच अवघड. १९९९ मध्ये एका वर्तमानपत्राविरुद्धचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात याच कारणाने टिकलं नाही. २००९ च्या कायद्यात व्याख्या आली आणि २५,००० युरोपर्यंत दंडही. मग २६ ऑक्टोबर २०१८ ला जनमत घेतलं, जवळपास ६५ टक्के लोकांनी घटनेतून तो शब्द काढायच्या बाजूने कौल दिला. अ‍ॅलन आणि मॉर्गन यांच्या काळात खरा धाक कोर्टाचा नव्हता. काम न मिळण्याचा होता, आणि घरी आईला शेजारणी काय बोलतील याचा.

माळरान

हे सगळं वाचून माझाही कौल मॉर्गनला. दारा पुढच्या वर्षी.

लिफीकाठची

किती भरभरून दिलंत सगळ्यांनी! ठरलं. मुख्य विषय डर्मट मॉर्गन. सुरुवातीची दहा मिनिटं अ‍ॅलनला: स्टूल, राख झटकणं, घड्याळ आणि तो निरोप. मग १९८० चं भाषण, ‘माऽऽरा’, ‘स्क्रॅप सॅटर्डे’ बंद होणं आणि शेवटी ‘फादर टेड’चा एक पूर्ण भाग. चहाचा आग्रह असलेला भाग कोणता लावू? आणि ज्येष्ठ मंडळी इथे आहेत तोवर त्यांना यातलं काही प्रत्यक्ष दाखवता येईल का?

गॅलवेकर

आग्रह जवळजवळ प्रत्येक भागात आहे, पण दुसऱ्या हंगामातला नाताळचा खास भाग लांब पडेल, तो टाळा. साधा पंचवीस मिनिटांचा कुठलाही घ्या आणि आधी स्वतः दोनदा बघा, कारण मध्ये थांबवून मराठीत सांगायच्या जागा तुम्हालाच ठरवाव्या लागतील.

प्रत्यक्ष दाखवायचं तर मेरियन स्क्वेअर बागेत मॉर्गनच्या आठवणीत एक ब्राँझची खुर्ची ठेवली आहे, विदूषकाची खुर्ची. दुपारी जा, बसता येतं, फोटो काढता येतात. तिथून चालत विकलो स्ट्रीटवरच्या इंटरनॅशनल बारपर्यंत जाता येईल. तिथे १९८८ मध्ये आर्डल ओ’हॅनलन, केविन गिल्डे आणि बॅरी मर्फी यांनी कॉमेडी सेलर सुरू केलं. हाच ओ’हॅनलन पुढे ‘फादर टेड’मधला भोळा डूगल झाला. खोली छोटीशी आहे आणि वरच्या मजल्यावर आहे, गुडघ्यांचा त्रास असेल तर जिना विचारात घ्या. ज्येष्ठांना बाहेरून दाखवा. तुम्ही दोघं मात्र एखाद्या रात्री नक्की जा आणि कार्यक्रम कुठल्या वारी आहे ते आधी बघून घ्या.

तिसरी_घंटा

आणि लिफीकाठची, कार्यक्रम झाल्यावर सासरे घड्याळाच्या गोष्टीवर काय म्हणाले ते इथे लिहा. वाट बघते.